दोन हजार बिया जास्त

मी चुका करत नाही, हे मी सव्वीस वर्षांत इतक्या वेळा बोलून दाखवलं की प्रयोगशाळेत तेच माझं नाव पडलं. ‘बिनचूक बाई आल्या’ असं लोक माझ्या पाठीमागे म्हणायचे. मला ऐकू यायचं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

आमचं काम बियाणं तपासायचं. बी वरून ठणठणीत दिसतं, ओंजळीत घेतलं की मन भरतं, आणि आत करप्याचा जिवाणू दबा धरून बसलेला असतो. असं बी पेरलं की रोपाच्या पानांवर आधी तेलकट डाग पडतात, मग पानं करपतात, आणि एका शेताचं दुखणं आजूबाजूच्या दहा शेतांत जातं. ते पेरणीच्या आधी पकडायचं. आम्ही ‘आहे’ म्हटलं की सगळं बी जाळायचं, मग ते कोणाचंही असो. माणसं आमच्या दारात येऊन रडलेली मी पाहिली आहेत. मी त्यांना पाणी द्यायचे आणि अहवाल हातात ठेवायचे.

नमुन्याची पिशवी आमच्याकडे येते ती नुसत्या आकड्यानं. बी कोणाचं, कुठलं, काही लिहिलेलं नसतं, म्हणजे कोणाची भीड पडायला नको. घेवड्याचं बी असेल तर पाच हजार बिया वजनावर मोजून घ्यायच्या, हजार-हजाराचे पाच भाग करायचे, आणि निर्जंतुक मिठाच्या पाण्यात फ्रिजमध्ये रात्रभर भिजत ठेवायचे. दुसऱ्या दिवशी ते पाणी दूध घातलेल्या आगरच्या, म्हणजे जेलीसारख्या थराच्या, प्लेटवर पसरायचं. चार दिवसांनी करप्याचा जिवाणू पिवळ्या, चकचकीत ठिपक्यांनी उगवतो, आणि ठिपक्याभोवतीचं दूध पचून तिथे स्वच्छ कडं उमटतं. दिसायला सुंदर असतं ते. नवीन लागलेल्या मुली हमखास फोटो काढतात.

ठिपका ओळखण्यात घोटाळा नको म्हणून दर खेपेला एका प्लेटवर ओळखीचा जिवाणू मुद्दाम वाढवायचा असतो. आमच्याकडचा हा जिवाणू तीस वर्षांपूर्वी कोणीतरी एका रोगट पानावरून काढून नळीत घातलेला. त्याला सगळे ‘म्हातारा’ म्हणतात. जुन्या साहेबांनी म्हाताऱ्याला एक खूण करून ठेवली होती. त्यांनी त्याला एका औषधाची सवय लावली होती. बाकीचे करप्याचे जिवाणू त्या औषधावर मरतात, म्हातारा मजेत वाढतो. म्हणजे तो चुकून कोणाच्या नमुन्यात शिरलाच, तर औषधाच्या प्लेटवर पकडला जावा. आणि नियम असा, की म्हाताऱ्याला सगळ्यात शेवटी हात लावायचा. त्याची नळी उघडली की त्या दिवशीचं काम संपलं. टेबलावर जे जे उघडं असेल, ते सगळं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये घालून मारून टाकायचं.

ती औषधाची प्लेट दर सदोष नमुन्याला करायची असते. मी ती कधीच सोडून दिली होती. फॉर्मवर त्या रकान्यात ‘वाढ नाही’ असं लिहून मोकळी व्हायचे. म्हातारा माझ्या हातून निसटणारच नाही, तर त्याला शोधत कशाला बसायचं, असा माझा हिशेब.

त्या दिवशी पिशवी उघडली आणि बी ट्रेमध्ये ओतलं, तसं मी ते ओळखलं. तांबूस बी, आणि डोळ्याजवळ पांढरी बारीक रेघ. असा घेवडा जगात एकाच माणसाकडे होता, आणि तो माणूस माझा धाकटा भाऊ. पन्नाशीला आला तरी मी त्याला बाळ्याच म्हणते. अकरा वर्षांपूर्वी भर उन्हाळ्यात त्याच्या सगळ्या घेवड्यानं फुलं गाळली, एका झाडानं गाळली नाहीत. त्या एका झाडाच्या सतरा बिया त्यानं रुमालात बांधून ठेवल्या. तेव्हापासून दर वर्षी पेरायचं, उन्हात टिकेल ते झाड ठेवायचं, बाकीची उपटायची. भावजय म्हणायची, या घरात पाहुणा उपाशी राहील पण घेवडा तहानलेला राहणार नाही. अकरा वर्षांनी त्याचा वाण स्थिर झाला होता, आणि एका बियाणं कंपनीनं तो घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच होती, की आमचा अहवाल निर्दोष हवा.

ओळखीचं बी आलं तर पिशवी दुसऱ्याकडे द्यायची, असाही नियम आहे. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी लागलेली एक मुलगी आहे, तिला सगळे छोटी म्हणतात. माझा चेहरा बघून तिनं विचारलं, ताई, ओळखीचं असेल तर मी करू का. मी म्हटलं, तू अजून पिपेट सरळ धरायला शीक. तिच्या हातात बाळ्याचं बी द्यायला मन होईना. ती चुकून ‘आहे’ म्हणाली तर त्याचं वाटोळं, आणि चुकून ‘नाही’ म्हणाली तर माझं नाव खराब. शिवाय मला स्वतःलाच बघायचं होतं, भावाच्या बियाण्यासमोर माझा हात हलतो का.

हात हलला नाही. पाच भाग भिजवले, दुसऱ्या दिवशी पाच प्लेटा लावल्या, शेवटी म्हाताऱ्याची नळी उघडून त्याचीही प्लेट लावली. काम संपलं होतं. हातमोजे काढता काढता माझ्या डोक्यात आलं, उद्या कोणी म्हणेल, बाईंनी भावाचं म्हणून पास केलं. मग मी ठरवलं की याच्या दोन हजार बिया जास्त तपासायच्या. इतरांचं पाच हजारांवर भागतं, माझ्या भावाचं सात हजारांवर भागेल. मग तर कोणी बोट दाखवणार नाही. मी पुन्हा हातमोजे चढवले, दोन भाग मोजले, मिठाच्या पाण्यात भिजत घातले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याही दोन प्लेटा लावल्या.

चार दिवसांनी पाचही प्लेटा कोऱ्या होत्या. सहाव्या प्लेटवर अकरा पिवळे ठिपके होते, प्रत्येकाभोवती स्वच्छ कडं. सातवी कोरी होती. मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहिते, लाज वाटते तरी. मला अभिमान वाटला. पाच हजारांवर थांबले असते तर हे सुटलं असतं, असं मी छोटीला म्हटलं. साहेबांनाही जाऊन सांगितलं. ते म्हणाले, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून या लॅबचं नाव आहे. मी पाठ थोपटून घेतली आणि तिथून बाहेर आल्यावर मग मला बाळ्या आठवला.

नियमाप्रमाणे त्या ठिपक्यांतला जिवाणू घेवड्याच्या कोवळ्या रोपांना टोचून बघितला. दहा दिवसांनी डाग उठले, पण कसेबसे, तिळाएवढे. शेतातून नुकता आलेला जिवाणू आठवड्यात अख्खं पान तेलकट करून टाकतो. हे डाग दमलेले होते. मी ते बघितलं, मला ते खटकलं, आणि मी ‘खात्री झाली’ असं लिहिलं. उरलेला नमुना स्वतःच्या हातानं ऑटोक्लेव्हमध्ये घातला.

बाळ्याला मीच फोन केला. कोणा कारकुनाच्या तोंडून त्याला कळू नये, एवढी माया माझ्यात होती. तो म्हणाला, ताई, मी पान न पान उलटून बघितलंय, एक डाग नव्हता. मी म्हटलं, तुला डोळ्यांनी दिसलं असतं तर आम्हाला पगार कशाला देतात. हे मी बोलले. भावाशी बोलले. त्यावर तो म्हणाला, तू केलंयस ना तपासून? मी हो म्हटलं. मग विषयच संपला, असं म्हणून त्यानं फक्त एक विचारलं.

“घरात मूळ बियाण्याच्या दोन बरण्या आहेत. त्यांचं काय करू?”

“हुकूम फक्त कंपनीला दिलेल्या लॉटपुरता आहे. घरातल्याचं तू बघ,” मी म्हटलं. “मी असते तर ठेवलं नसतं.”

आठ दिवसांनी त्याचं सगळं बी कंपनीच्या आवारात खड्ड्यात जाळलं. दोन अधिकारी सह्या करायला होते. बाळ्या शेवटपर्यंत उभा होता म्हणे. मी गेले नाही, मला त्या दिवशी अठरा नमुने होते.

त्यानंतर तीन आठवड्यांनी छोटी माझ्या टेबलाशी आली. सापडलेला प्रत्येक जिवाणू आम्ही नळीत घालून फ्रीझरमध्ये जपून ठेवतो. बाळ्याच्या बियाण्यातला जिवाणू ठेवायचं काम मी तिला दिलं होतं. ती नवीन असल्यामुळे फॉर्मवर जे लिहिलंय ते सगळं करते. तिनं औषधाची प्लेट केली होती. ती प्लेट तिनं माझ्यापुढे ठेवली. सगळी पिवळी झाली होती, कडेपर्यंत.

“ताई,” ती हळू आवाजात म्हणाली, “हा आपला म्हातारा आहे.”

मी तिला म्हटलं, औषध जुनं असेल. तिनं नवं औषध आणून पुन्हा केली होती. मी म्हटलं, प्लेटा बदलल्या असतील. तिनं तिसरी केली होती. ती तिन्ही प्लेटा घेऊन आली होती, आणि माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत होती. मग मला सगळं आठवलं. त्या दिवशी म्हाताऱ्याला पातळ करायला मी मिठाच्या पाण्याची नवी बाटली उघडली होती. म्हाताऱ्याला लागलेली पिपेट पुन्हा त्यातच बुडवली होती. अर्धी उरली. रोजच्या सवयीनं ती ऑटोक्लेव्हमध्ये गेली असती, कारण म्हाताऱ्यानंतर काम नसतं. पण त्या दिवशी मी पुन्हा काम काढलं. सहावा भाग त्या उरलेल्या अर्ध्या बाटलीत भिजवला, आणि ती संपली म्हणून सातव्याला दुसरी बाटली उघडली. रोपांवरचे ते दमलेले डागही तीस वर्षं नळीत बसून जोर गेलेल्या म्हाताऱ्याचेच होते.

बाळ्याच्या बियाण्यात काही नव्हतं. इतर कोणाचंही असतं तर पाच प्लेटांवर निर्दोष ठरून सुटलं असतं. माझा भाऊ म्हणून त्याच्या नशिबी दोन हजार बिया जास्त आल्या.

तिन्ही प्लेटा घेऊन मी साहेबांकडे गेले. त्यांनी आधी दार लावून घेतलं. सगळं ऐकलं, छोटीला अजून कोणाला सांगितलंस का म्हणून बोलावून विचारलं, तिला परत पाठवलं. मग मला म्हणाले, लॉट जळाला ना? मग आता हे उकरून कोणाचं भलं होणार आहे. हा एक अहवाल मागे घेतला, तर लोक तुमचे सव्वीस वर्षांचे अहवाल उघडायला लावतील, आणि त्या प्रत्येकात औषधाची प्लेट कुठे आहे, असं विचारतील. तेव्हा काय दाखवणार? माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. त्यांनी तिन्ही प्लेटा स्वतः उचलल्या आणि ऑटोक्लेव्हमध्ये ठेवून आले. मी त्यांना अडवलं नाही. मी भित्री आहे हे मला पन्नाशी उलटल्यावर त्या खोलीत कळलं.

मला एकच आधार होता, घरातल्या दोन बरण्या. त्या असतील तर वाण जिवंत होता. एका झाडाच्या सतरा बियांवरून ज्यानं एवढं उभं केलं, तो दोन बरण्यांवरून सहज करील. मी रजा टाकून सकाळची बस धरली. दोन तास खिडकीशी बसून मी एकच गोष्ट घोकत होते. बी लपवून ठेवणाऱ्या लोकांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या. जाळायला सांगावं आणि यांनी माळ्यावर पिशवी दडवावी, अशा माणसांमुळेच रोग पसरतो, म्हणून भाषणं दिली. आणि आता मनातल्या मनात म्हणत होते, बाळ्या, लपवलं असशील ना रे. अकरा वर्षांचं बी कोण जाळतं? कोणीच जाळत नाही. मी सांगितलं म्हणून काय झालं, माणसं कुठे ऐकतात.

बाळ्या अंगणात बसून खुरपी, चाळण्या, पोती सगळं जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवून धूत होता. फोनवर मीच तसं सांगितलं होतं. त्याच्या हातांची सालं निघाली होती. मला बघून उठला, हात पुसले, म्हणाला, ताई, आज वाट कशी चुकलीस. भावजय दारात आली, पाणी दिलं, आणि चौकटीला टेकून उभी राहिली. मी बसलेसुद्धा नाही. आधी बरण्यांचं विचारलं.

तो मला आत घेऊन गेला. फडताळात दोन काचेच्या बरण्या पालथ्या घातलेल्या होत्या, घासून लख्ख केलेल्या. लॉट जाळला त्याच दिवशी संध्याकाळी त्यानं घरातलंही बी चुलीत घातलं होतं. एवढ्यावर तो थांबला नव्हता. वर्षानुवर्षं ज्यांना ज्यांना मूठ-मूठ दिलं होतं, त्या प्रत्येकाच्या दारात जाऊन परत मागून आणलं होतं. एकानं पेरलेलं होतं, त्याची रोपं यानं आपल्या डोळ्यांदेखत उपटवली. एक म्हातारी देईना, तिच्यापाशी हा दोन तास बसला आणि घेऊन आला. हे सगळं तो मला अशा सुरात सांगत होता, जसं पोरगं शाळेतून आल्यावर गृहपाठ दाखवतं.

“एक दाणा शिल्लक ठेवला नाही, ताई,” तो म्हणाला. “तू म्हणाली होतीस, तू असतीस तर ठेवलं नसतंस.”

मी तिथेच खाली बसले. मग मी सांगितलं. म्हातारा, बाटली, सहावा भाग, औषधाची प्लेट, सगळं सांगितलं. छोटीनं त्या प्लेटांचा आधीच काढून ठेवलेला फोटो मोबाइलवर दाखवला. तुझं बी स्वच्छ होतं, मी घाण केलं, असं सरळ म्हटलं. बाळ्यानं फोटो लांब धरून, जवळ धरून बघितला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो ओरडेल, हात उगारेल, निदान घराबाहेर काढील, असं मला वाटत होतं, आणि मला ते हवं होतं. त्यानं मोबाइल माझ्या हातात परत दिला आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसला.

“लॅबमध्ये दुसऱ्या कोणी तपासलं असतं, तर मी भांडलो असतो,” तो म्हणाला. “कोर्टात गेलो असतो. पण तू तपासलंस, म्हणून मी झोपू शकलो. आणि आता माझं दुःख बघवत नाही म्हणून तू स्वतःवर घेतेयस.”

“तसं नाही रे. खरंच माझ्या हातून झालं.”

“तुझ्या हातून? लहानपणी मी आईचा आरसा फोडला, तेव्हा मला पाठीशी घाल म्हणून तुझ्या पाया पडलो होतो. तू जाऊन सांगून आलीस. ती तू आज माझ्यासाठी खोटं बोलायला दोन तास बसनं आलीस.” तो हसला. त्याचे डोळे भरले होते. “मला वाटायचं, तुझा नियम आधी आणि मी नंतर. आज बरं वाटलं बघ मला.”

मी पुन्हा सांगितलं. आवाज चढवून सांगितलं, बाटलीचा हिशेब मांडून सांगितलं, छोटीला फोन लावते म्हटलं. त्यानं मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला आणि बाजूला ठेवला. मी जितकं जास्त सांगत होते, तितकी त्याची नजर मऊ होत होती. माझ्या खरेपणाचं मी जन्मभर एवढं स्तोम माजवलं होतं, की आता माझं खरं बोलणं घ्यायला माझा भाऊच तयार नव्हता. शेवटी तो म्हणाला, या जमिनीत आता घेवडा लावणार नाही, रोग जमिनीत उतरला असेल तर उगाच शेजाऱ्यांना त्रास, धाकट्या मेहुण्याच्या गोदामात काम आहे, पुढच्या महिन्यापासून तिकडे जाईन. आणि हात धुवायला बाहेर गेला.

भावजय अजून चौकटीपाशीच होती.

“वन्सं,” तिनं विचारलं, “ती बाटली तुम्हीच उघडली होतीत?”

“हो.”

तिनं मान हलवली. तिला पटलं होतं, पहिल्याच वेळी पटलं असावं. बाहेर बाळ्या हातावर पाणी घेत काहीतरी गुणगुणत होता, ते ती ऐकत राहिली.

“मग आता त्यांना पुन्हा सांगू नका,” ती म्हणाली. “महिन्याभरात आज हसलेत ते.”

तिनं पानं घेतली. बाळ्यानं मला आग्रह करकरून वाढलं, आणि मी जेवले.